एकच चाफा, सहा झाडं: पाट्या लिहिण्याआधी थोडं

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या आवारात ४२ झाडं आहेत आणि मुलांकडून प्रत्येक झाडाला नावाची पाटी करून घ्यायची आहे. रोपवाटिकेच्या बिलावर हिंदी नावं आहेत, गावातली जुनी माणसं भलतीच नावं सांगतात, बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि मोबाईलवर शोधलं तर एकाच झाडाची दोन-तीन शास्त्रीय नावं निघतात. मग खरं नाव कोणतं? शास्त्रीय नावं बदलतात तरी कशी? आणि मुलांना उच्चारताही न येणारं लॅटिन नाव लिहायलाच हवं का?

मॅडम, आधी एक सांगतो. ‘खरं मराठी नाव कोणतं’ हा प्रश्न मला कोल्हापुरात शिकवताना दरवर्षी कुणी ना कुणी विचारलाय. सुरुवातीला मी छातीठोक उत्तरं द्यायचो. पुढे पन्हाळा, आंबा घाट, दाजीपूर असं भटकत गेलो आणि ती खोड सुटली. लोकांनी दिलेल्या नावाला गाव असतं. आपल्या गावात ते अगदी बरोबर असतं, दोन घाट ओलांडले की त्याच नावाचं झाड बदलतं. म्हणून माणसाचा पत्ता लिहितो तसा नावाचाही पत्ता लिहावा लागतो. तुमच्या चारही अडचणी मी याच बाजूने बघतो.

चाफ्यापासून सुरू करू. तुमच्या यादीत ‘चाफा’ तीन ठिकाणी आलाय. अंबाबाईच्या देवळाबाहेर पिवळ्या फुलांचे वाटे मांडलेले असतात तो सोनचाफा. देवळांच्या आवारात, स्मशानाशेजारी पानं झडून नुसत्या जाड फांद्यांवर पांढरी फुलं धरतो तो खुरचाफा, त्यालाच कुणी देवचाफा म्हणतं, कुणी नुसता पांढरा चाफा. हिरवा चाफा ही तर वेल, फूल पिकलं की वास सगळ्या गल्लीत. भुईचाफा हळदीच्या कुळातला, फूल थेट जमिनीतून वर येतं. नागचाफ्याचं लाकूड लोखंडासारखं. कवठी चाफा आणखी वेगळा. यांतला सोनचाफा आणि कवठी चाफा एकमेकांचे भाऊबंद, बाकीच्यांचा आपापसात काही संबंध नाही. ‘चाफा’ हे आपल्याकडे झाडाचं नाव कमी आणि वासाच्या फुलाला दिलेली पदवी जास्त आहे.

त्यातही गंमत बघा. देवळाशी इतका जोडलेला खुरचाफा मुळात आपला नाहीच. तो मेक्सिको आणि वेस्ट इंडीजकडचा. त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. आपल्या लोकांनी त्याला चाफ्यांत घेतलं आणि देवाला वाहिलं. लोकांची नावं अशीच चालतात: जे नवं दिसलं ते ओळखीच्या कशासारखं आहे ते बघायचं आणि त्याच्या शेजारी बसवायचं. उलट सोनचाफ्याच्या शास्त्रीय नावात आपला चंपक शिरलाय. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला मिकेलिया चंपाका म्हटलं, आता तो मॅग्नोलिया चंपाका आहे. पहिला शब्द बदलला, चंपक तसाच राहिला.

म्हणून पाटीवर नुसतं ‘चाफा’ लिहू नका, एवढं तरी नक्की.

‘लिंब’ या शब्दाची भानगड आपल्या भागात जास्त जवळची. आपल्याकडे ‘लिंबाखाली बसलोय’ म्हटलं की तो कडुलिंब. सरबताचं ते लिंबू. बकाण निंब हा कडुलिंबाचा नातेवाईक. आणि गोडलिंब म्हणजे कढीपत्ता. तुमच्या वर्गातल्या कन्नड घरच्या मुलाला विचारा, तो कडुलिंबाला ‘बेवु’ आणि कढीपत्त्याला ‘करिबेवु’ म्हणेल, म्हणजे काळा कडुलिंब. आपण ‘गोड’ म्हटलं, त्यांनी ‘काळा’ म्हटलं, पण पानांची ठेवण बघून दोन्हीकडच्या माणसांना आठवला तो कडुलिंबच. प्रत्यक्षात कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे, कडुलिंबाचं कुल वेगळं. तरी लोक चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी पान बघितलं, वनस्पतिशास्त्रानं फूल आणि फळ बघितलं. कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ‘कोएनिगी’ आहे. योहान कोएनिग हा लिनियसचा शिष्य, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर डॅनिश लोकांच्या त्रांकेबारला होता. कडुलिंबाच्या नावात, अझाडिराक्टा इंडिका, पहिला शब्द फारसीतल्या ‘आझाद दरख्त’वरून आलाय. म्हणजे ज्याला आपण लॅटिन म्हणून बिचकतो त्यात निम्मी आपल्याच शेजारपाजारची भाषा असते.

हे मुलांना जरूर सांगा, त्यांची भीती तिथेच मोडते. आपल्याकडचा मुलगा उसात वाढतो. उसाचं नाव सॅकरम, त्यामागे आपली शर्करा आहे. सागाचं टेक्टोना, ते मलयाळम ‘तेक्क’वरून. शेवग्याचं मोरिंगा, तमिळ-मलयाळममधल्या ‘मुरुंगा’वरून. बकुळीच्या नावातलं ‘एलेंगी’ मलयाळम, धोतऱ्याचं दतुरा म्हणजे सरळ आपला धत्तूर. यांतली मलयाळम नावं युरोपला पोचली त्यात मोठा हात होता कोचीनच्या डच गव्हर्नराच्या ग्रंथाचा. हेन्रिक व्हान रीडनं मलबारच्या वनस्पतींवर १२ खंड करवून घेतले, ते १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता, शिवाय रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी वैद्य. त्या तिघांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय. पुढे लिनियसनं १७५३ साली दोन शब्दांची पद्धत सगळ्या वनस्पतींना लावली तेव्हा त्या खंडांतली बरीच नावं त्यानं उचलली. त्याच वर्षीचा त्याचा ग्रंथ हा आजही वनस्पतींच्या नावांचा शून्य मैलाचा दगड आहे, त्याआधीची नावं नियमात धरत नाहीत.

आता ‘इंडिका’ वाचून झाड भारतीय ठरवू नका. चिंच टॅमरिंडस इंडिका आहे. पहिला शब्द अरबी ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. झाड मूळचं आफ्रिकेचं. अरबांना ती हिंदुस्थानातून मिळत होती म्हणून तिला तसं म्हटलं, आणि लिनियसनं त्यावर ‘इंडिका’ लावून एकच चूक दुसऱ्यांदा केली. नाव तरीही वैध आहे, कारण अर्थ चुकला म्हणून शास्त्रीय नाव बदलता येत नाही. नाव म्हणजे खुंटी, वर्णन नव्हे.

मग नावं बदलतात कशी, असं तुम्ही विचारलंय. कारणं मुख्यतः दोन. एक, त्याच झाडाला कुणीतरी आधी दिलेलं नाव सापडतं, आणि नियमानं साधारणपणे जुन्याचा हक्क पहिला. दुसरं, झाडाचं नातं नव्यानं कळतं. पूर्वी फूल-फळ बघून, आता डीएनए बघूनही. पळसाचं उदाहरण घ्या. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो पांगाऱ्याच्या गटात घातला होता, एरिथ्रिना मोनोस्पर्मा. पुढे ताउबर्ट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला ब्युटिया या गटात नेलं. म्हणून पुस्तकात ब्युटिया मोनोस्पर्माच्या पुढे कंसात लामार्कचं आखूड नाव आणि कंसाबाहेर ताउबर्टचं दिसतं. कंसातला बारसं करणारा, बाहेरचा घर बदलून देणारा. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एका बीचा, पळसाची शेंग फोडली की मुलांना ते पटतं. शाळेच्या पाटीवर ही माणसं लिहायची गरज नाही, पण ती काय असतात ते ठाऊक असावं.

सगळ्यात मोठा घोळ बाभळीचा झाला. अकेशिया हे नावच मुळात प्राचीन ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी बाभळीला दिलेलं. पुढे हा एवढा मोठा गट एकसंध नाही असं दिसून आलं, त्याचे तुकडे करणं आलं, आणि ‘अकेशिया’ हे नाव कुठल्या तुकड्याकडे ठेवायचं यावर भांडण लागलं. ऑस्ट्रेलियातल्या जाती सगळ्यात जास्त, त्यामुळे २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव त्यांच्याकडे गेलं, २०११ साली मेलबर्नला ते कायम झालं. आता आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगॅलिया कॅटेच्यू, आणि रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अनेकांना हे पटलं नाही, मलाही पचायला जड गेलं. पण नियम मान्य करायचा तर निकालही मान्य करावा लागतो. मोबाईलवर तुम्हाला बाभळीची दोन नावं दिसतात ती यामुळे. दोन्ही एकाच झाडाची आहेत, नवं लिहा.

इथे भाषेची एक खोच सांगून ठेवतो, कारण वर्तमानपत्रांतही हल्ली हमखास चुकते. मराठी विश्वकोशात आणि आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत दोन शब्दांच्या नावातला पहिला म्हणजे प्रजाती आणि दोन्ही मिळून होते ती जाती. हिंदीत पहिल्याला ‘वंश’ म्हणतात आणि जातीलाच ‘प्रजाति’ म्हणतात. हिंदीवरून बातमी उचलली की आपल्याकडे ‘नवी प्रजाती सापडली’ असा मथळा होतो, सापडलेली असते जाती. मुलांना मराठीचीच पद्धत शिकवा.

हिंदीच्या बिलाचा प्रश्नही असाच. अमलतास म्हणजे आपला बहावा, मौलसरी म्हणजे बकुळ, कचनार म्हणजे कांचन, सेमल म्हणजे सावर, हरसिंगार म्हणजे प्राजक्त. ही सरळ आहेत, बदलून टाका. कठीण असतात ती दोन्ही भाषांत सारखी वाजणारी आणि वेगवेगळ्या झाडांची. हिंदीतला आलू बटाटा, आपला अळू वडीचा, आणि आपल्याच रानात अळू नावाचं काटेरी झाडही आहे. त्याची फळं पिकवून खातात, तुमच्या आजऱ्या-चंदगडाकडच्या मुलांना विचारून बघा. तीन भाषा तरी समजून घेता येतात, एकाच भाषेतले दोन अळू जास्त गोंधळवतात.

अशोकाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. आवारात भिंतीकडेला सरळसोट उंच, लांब लहरी पानांची झाडं असतील आणि बिलात ‘अशोक’ असेल, तर तो अशोक नव्हे. त्याचं शास्त्रीय नाव पूर्वी पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होतं, २०१२ मध्ये तो मोनून लाँगिफोलियम झाला. कुल सीताफळाचं. खरा सीता अशोक हा सराका असोका, त्याला खोडा-फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे झुबके येतात. दोघांना एकच नाव राहिलं म्हणून नुसता पाटीचा घोटाळा होत नाही. अशोकाची साल औषधात जाते आणि बाजारात तिच्यात या दुसऱ्याच झाडाची साल मिसळलेली सापडते. एकाला ‘सीता अशोक’ आणि दुसऱ्याला ‘खोटा अशोक’ किंवा ‘आसुपालव’ असं लिहा. ‘खोटा’ शब्द मुलांना आवडतोही.

औषधी झाडांबद्दल आणखी थोडं, कारण तुमच्या यादीत ‘औषधी वाफा’ आहे. शंखपुष्पी म्हणून देशात किमान तीन वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. उत्तरेकडची एक जमिनीलगत पसरणारी, दुसरी विष्णुक्रांता, आणि केरळात चक्क आपला गोकर्ण. ब्राह्मी मागितली तर महाराष्ट्रात रोपवाटिका बहुधा गोल खुराच्या आकाराच्या पानांची मंडूकपर्णी देते. ग्रंथातली ब्राह्मी म्हणून जास्त मानतात ती जाड, बारीक पानांची, पाणथळातली. वाफ्यात जे आहे त्याचं शास्त्रीय नाव आधी पक्कं करा आणि मगच वर ब्राह्मी लिहा. नागकेशराचंही तेच. नागचाफ्याचे केसर म्हणजे नागकेशर हे पुस्तकात. बाजारातल्या पुडीत त्या नावाखाली सुरंगीच्या वाळक्या कळ्या असतात, कधी दालचिनीच्या जवळच्या झाडांची कोवळी फळं. आपल्या घरचा मसाला त्यानं बिघडत नाही, औषध मात्र बिघडतं. मसाल्याचा विषय निघालाच आहे तर, दगडफूल हे फूल नाही आणि वनस्पतीही नाही, ते बुरशी आणि शैवालाचं एकत्र बिऱ्हाड. आमच्या कांदालसूण मसाल्यात ते पडतं, आणि आजपर्यंत मला कुणी विद्यार्थी भेटला नाही ज्यानं हे ऐकून घरी जाऊन डबा उघडून बघितला नाही.

एक धोक्याचं. कळलावीला आपल्याकडे खड्यानाग म्हणतात आणि काही ठिकाणी बचनागही म्हणतात. बचनाग हे हिमालयातल्या एका वेगळ्याच विषारी वनस्पतीचंही नाव आहे. दोन्ही जहाल, पण विषं वेगळी. कुंपणावर पावसाळ्यात तांबडी-पिवळी, उलट वळलेल्या पाकळ्यांची फुलं दिसली तर ती कळलावी. पाटीवर नावाशेजारी ‘विषारी’ हा शब्द नावापेक्षा मोठा काढा.

नावं सगळीकडे वेगळीच असतात असंही नाही. जोतिबाला चैत्रात आपण दवणा वाहतो. संस्कृतात तो दमनक, कन्नडात दवन. जी वनस्पती लागवड करून, जुडी बांधून बाजारातून फिरते तिचं नाव तिच्याबरोबर गावोगाव जातं. रानातल्या झाडाला कुणी बाजारात नेत नाही, त्यामुळे प्रत्येक खोऱ्याची त्याला आपली हाक. आणि उसाच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्यानं तिसरीच वाट काढली आहे. तो ‘ऊस लावलाय’ म्हणत नाही, ‘शहाऐंशी बत्तीस लावलाय’ म्हणतो. को ८६०३२ हा कोइंबतूरच्या ऊस संशोधन केंद्राचा वाणाला दिलेला क्रमांक, तोच इथे बोलीतलं नाव होऊन बसला. लागवडीच्या वाणांना नाव देण्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे हे नावही अगदी कायदेशीर आहे.

आता पाटी. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात, तुमच्या गावात म्हणतात ते नाव. पुस्तकात दुसरं असलं तरी. त्याखाली जरा बारीक, महाराष्ट्रात जास्त चालणारं नाव, वेगळं असेल तरच. मग कन्नड नाव, कन्नड लिपीत. ते मुलाच्या आजीला विचारून घ्या, मोबाईलवरून नको. चिंचेला हुणसे, जांभळाला नेरळे, फणसाला हलसू, पळसाला मुत्तुग हे तर कुणीही सांगेल, पण आजी काही वेगळं सांगत असेल तर आजीचं लिहा. सगळ्यात खाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत, तिरप्या अक्षरात, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरात. उच्चाराची लाज बाळगू नका. या शब्दांचा जगभर एकच उच्चार नाही, अक्षरं आहेत तशी मराठीसारखी वाचली तरी चालतं. आणि मुलांच्या वहीत प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं, कुठल्या गावचं माणूस, कुठल्या तारखेला, हे लिहून ठेवायला सांगा. पाटी चार पावसाळ्यांत जाईल, ती वही राहील.

जे झाड ओळखू येत नाही त्याची फूल किंवा फळ असलेली वीतभर फांदी वर्तमानपत्रात घालून वर वजन ठेवा, कागद रोज बदला. फुलाचा रंग ताजं असतानाच लिहून ठेवा, वाळल्यावर तो जातो. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जिल्ह्यातल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपलेले आहेत. नाव पक्कं करायचं ते असल्या नमुन्याशी ताडून. फोटोवरून नाव सांगणारं ॲप प्रजातीपर्यंत बऱ्याचदा पोचवतं, जातीला चुकतं.

राहिलं तुमच्या यादीतलं २९ नंबरचं झाड. बिलावर ‘असन’ आहे आणि गावातल्या आजोबांनी ‘असाणा’ सांगितलं, म्हणजे एकच, असं तुम्ही लिहिलंय. याच ठिकाणी मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पडलोय. आंबा घाटात एका धनगर बाबांनी असाणा दाखवला, मी हिंदी पुस्तक बघून नमुन्याच्या कागदावर ऐनाचं नाव लिहून मोकळा झालो. चूक माझ्याच हस्ताक्षरात बरीच वर्षं कपाटात होती. हिंदीतला असन बहुधा आपला ऐन, ज्याला तुमची कन्नड मुलं मत्ती म्हणतील. संस्कृत ग्रंथातला असन म्हणजे आपला बिबळा, कन्नडात होन्ने. आणि मराठीतला असाणा हे तिसरंच झाड, ब्रिडेलिया रेटुसा. कोवळ्या खोडावर मोठे काटे असतील आणि पानाच्या शिरा समांतर जाऊन थेट कडेला भिडत असतील, तर आजोबा बरोबर. पानामागे देठाजवळ दोन गाठी असतील आणि जुन्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असेल, तर तो ऐन, त्याच्या फळाला पाच पंख. चपटं गोल, चकतीसारखं फळ, मध्ये बी, तर बिबळा. बिबळ्याला चीर दिली की तांबडा चीक येतो, पण शाळेतल्या झाडाला मुलांदेखत चाकू लावू नका. झाड लहान असेल तर फळं दिसायला काही वर्षं जातील, तोवर काटे आणि गाठी बघा. तेही पटत नसेल तर २९ नंबरची पाटी कोरीच टांगा आणि पान वाळवून पाठवा.